तगादा, जप्ती आणि दोस्तोव्हस्की

जुलै १८६४ मध्ये पाव्लोव्स्कमध्ये मिखाईल दोस्तोव्हस्कीचे निधन झाले तेव्हा घरात जेमतेम तीनशे रुबल शिल्लक होते. ते अंत्यविधीत संपले. मागे उरले ते सुमारे पंचवीस हजार रुबलचे कर्ज, एक डबघाईला आलेले मासिक, विधवा पत्नी आणि मुले. मिखाईलचा धाकटा भाऊ फ्योदोर याने हा सारा भार आपल्या शिरावर घेतला. त्याची स्वतःची पहिली पत्नी मारिया त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्षयाने गेली होती. सावत्र मुलाची जबाबदारीही त्याच्यावरच होती. जगाला ज्या कादंबऱ्यांमुळे दोस्तोव्हस्की हे नाव ठाऊक आहे, त्या सर्व मोठ्या कादंबऱ्या यानंतरच्या सोळा वर्षांत लिहिल्या गेल्या. आणि त्यांतील बहुतेक पाने दारावर सावकाराची थाप केव्हा पडेल या धास्तीत लिहिली गेली.

फ्योदोर दोस्तोव्हस्कीचा जन्म १८२१ मधला, मॉस्कोतल्या गरिबांच्या रुग्णालयातील एका डॉक्टरच्या घरातला. लष्करी अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्याने नोकरी धरली, ती १८४४ मध्ये सोडली आणि १८४६ मध्ये पहिल्याच कादंबरीने नाव मिळवले. १८४९ मध्ये क्रांतिकारी मंडळाशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक, मृत्युदंड, वधस्तंभासमोर उभे केल्यानंतर ऐनवेळी मिळालेली माफी, ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षांची सक्तमजुरी आणि पुढे सैबेरियातच शिपाईगिरी, हा भाग वाचकांना परिचित आहे. १८५९ च्या अखेरीस तो राजधानीत परतला. भावाबरोबर त्याने काढलेले ‘व्रेम्या’ हे मासिक चांगले चालत असतानाच १८६३ मध्ये पोलंडविषयक एका लेखामुळे सरकारने बंद केले. त्याच्या जागी ‘एपोखा’ हे मासिक निघाले खरे, पण वर्गणीदार परतले नाहीत. मिखाईल त्या ओझ्याखालीच गेला.

कायद्याने पाहता ही कर्जे फ्योदोरची नव्हती. मासिक बंद करून, असेल ते सामान देणेकऱ्यांच्या हवाली करून त्याला हात झटकता आले असते. भावाच्या नावाला बट्टा लागू नये आणि त्याचे कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून त्याने तसे केले नाही. मॉस्कोच्या श्रीमंत मावशीकडून दहा हजार रुबल आणून त्याने ‘एपोखा’ चालवून पाहिला. १८६५ मध्ये तो बंद पडला आणि मावशीचे दहा हजारही बुडाले.

याच काळात त्याच्या दारी एक वेगळीच रांग लागली. मिखाईलने आमच्याकडून कागद घेतला होता, लेख घेतला होता, माल उचलला होता, असे सांगत लोक येत. बऱ्याच जणांजवळ ना पावती ना करारपत्र. दोस्तोव्हस्की कोणाकडेही पुरावा मागत नसे. हातात रोख नसल्याने तो स्वतःच्या सहीची वचनचिठ्ठी लिहून देई. एकदा सही झाली की भावाचे तोंडी, कदाचित काल्पनिक देणे हे त्याचे स्वतःचे, न्यायालयात टिकणारे कर्ज होऊन जाई. या मागण्यांपैकी कितीतरी खोट्या होत्या, असे त्याच्या दुसऱ्या पत्नीचे, आन्नाचे, पुढे ठाम मत झाले. सैबेरियात अट्टल गुन्हेगारांबरोबर चार वर्षे काढलेल्या माणसाने इतक्या भाबडेपणाने सह्या कराव्यात याचे नवल वाटते. पण शोक आणि लाज या दोन गोष्टी वसुली करणाराला नेहमीच उपयोगी पडतात, आणि दोस्तोव्हस्कीपाशी त्या वर्षी दोन्ही भरपूर होत्या.

वचनचिठ्ठीचा स्वभावच फिरता. मागे सही करून ती दुसऱ्याला देता येते, दुसरा तिसऱ्याला देतो. कर्जदार दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आहे अशी बोलवा झाली की शंभर रुबलची चिठ्ठी बाजारात कवडीमोलाने मिळे. ती विकत घेणारा मात्र पूर्ण शंभर रुबल मागायला मोकळा असे. कर्ज कोणाकडून घेतले आणि तगादा कोण लावतो आहे, यांचा एकमेकांशी काही संबंधच उरत नसे. मूळ देणेकरी एखादवेळी ओळखीचा, भिडस्त असे. चिठ्ठी विकत घेणाऱ्याला भीड नव्हती. त्याच्या हाती दोनच अस्त्रे होती, घरातल्या सामानाची जप्ती आणि कर्जदारांचा तुरुंग. रशियात त्या काळी देणे न फेडणाऱ्याला तुरुंगात डांबता येत असे.

या बाजाराचा पुरेपूर उपयोग केला तो स्टेलोव्हस्की या प्रकाशकाने. संगीताच्या पुस्तकांचा धंदा करणारा हा गृहस्थ अडचणीतल्या लेखक-संगीतकारांचे हक्क स्वस्तात पदरात पाडून घेण्यात तरबेज होता. १८६५ च्या उन्हाळ्यात दोस्तोव्हस्कीच्या मागे काही चिठ्ठ्यांचा तगादा अचानक वाढला. जप्ती आणि तुरुंग यांच्या धमक्या सुरू झाल्या. त्याच सुमारास स्टेलोव्हस्की मदतीचा हात पुढे करून आला. सर्व कृतींच्या एका आवृत्तीच्या हक्कांसाठी तीन हजार रुबल, असा त्याचा प्रस्ताव होता. दोस्तोव्हस्कीने सही केली. पैसे आले आणि तगादा लावणाऱ्यांच्या हाती गेले. आन्नाने आठवणींत नोंदवल्याप्रमाणे, त्या चिठ्ठ्या स्टेलोव्हस्कीनेच हस्तकांमार्फत स्वस्तात विकत घेतल्या होत्या. म्हणजे धमकी देणारा तोच, मदतीला येणारा तोच, आणि दिलेल्या रकमेचा मोठा भाग फिरून त्याच्याच खिशात परतला.

करारात आणखी एक कलम होते. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत दोस्तोव्हस्कीने एक नवी कादंबरी द्यायची. ती न दिल्यास पुढची नऊ वर्षे तो जे काही लिहील ते एक कोपेकही न देता छापण्याचा हक्क प्रकाशकाचा. कादंबरी वेळेवर मिळण्यापेक्षा ती न मिळण्यातच स्टेलोव्हस्कीचा अधिक लाभ होता, हे कलम वाचणाऱ्या कोणाच्याही लक्षात यावे. दोस्तोव्हस्कीच्याही आले असणार. पण जप्तीचा कागद समोर असताना सव्वा वर्षानंतरची तारीख लांबची वाटते. हाती उरलेले थोडे पैसे घेऊन तो जर्मनीत वीसबाडेनला गेला आणि तिथल्या जुगारात काही दिवसांतच सारे हरला. त्याच्या हलाखीला सावकार जितके जबाबदार तितकेच रूलेटचे चक्रही जबाबदार होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

वीसबाडेनच्या त्या खोलीत ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी आकाराला येऊ लागली. १८६६ मध्ये ती क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात खून होतो तो गहाणावर पैसे देणाऱ्या म्हातारीचा, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण खुनानंतर दुसऱ्याच दिवशी रस्कोल्निकोव्हला पोलीस ठाण्याचे बोलावणे येते ते कशासाठी, हे अनेकदा विसरले जाते. घरमालकिणीला लिहून दिलेली एकशे पंधरा रुबलची चिठ्ठी तिसऱ्याच माणसाच्या हाती गेलेली असते आणि तिच्या वसुलीचा तो समन्स असतो. चिठ्ठी हातोहात कशी फिरते आणि कर्जदाराला ठाण्यात कसे उभे करते, याचा तपशील लेखकाला कल्पनेने रचावा लागला नव्हता.

या कादंबरीत गुंतल्यामुळे स्टेलोव्हस्कीला द्यायच्या पुस्तकाची ऑक्टोबर १८६६ उजाडला तरी एक ओळही लिहून झाली नव्हती. मिल्युकोव्ह या मित्राने तोडगा सुचवला. काही लेखकमित्रांनी प्रकरणे वाटून घ्यावीत आणि दोस्तोव्हस्कीने शेवटी सही करावी. दुसऱ्याच्या लेखनाखाली आपले नाव घालायला त्याने नकार दिला. मग लघुलेखिका आणण्याचे ठरले. ४ ऑक्टोबरला आन्ना स्नित्किना ही वीस वर्षांची तरुणी त्याच्या घरी आली. मेहनताना पन्नास रुबल ठरला. दुपारी तो सांगे, ती टिपून घेई आणि रात्री घरी बसून मजकूर उतरवून काढी. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी पूर्ण झाली.

पण लिहून होणे वेगळे आणि पोचणे वेगळे. स्टेलोव्हस्की हस्तलिखित चुकवील अशी शंका दोघांनाही होती. आन्नाच्या आईने एका वकिलाचा सल्ला घेतला. प्रकाशक ज्या भागात राहतो तेथील नोटरीकडे किंवा पोलीस अधिकाऱ्याकडे हस्तलिखित जमा करून रीतसर पोच घ्यावी, असे त्याने सांगितले. १ नोव्हेंबरला दोस्तोव्हस्की प्रकाशकाच्या घरी गेला. स्टेलोव्हस्की गावाला गेल्याचे आणि केव्हा परतेल ते ठाऊक नसल्याचे उत्तर मिळाले. कार्यालयातल्या कारभाऱ्याने आपल्याला अधिकार नसल्याचे सांगून हस्तलिखित घेण्यास नकार दिला. नोटरीची वेळ टळून गेली होती. पोलीस ठाण्यातला अधिकारी रात्री दहाच्या सुमारास यायचा होता. दोस्तोव्हस्की थांबला. मुदत संपायला दोन तास उरले असताना तारखेची पोचपावती त्याच्या हाती पडली आणि नऊ वर्षांचे लेखन वाचले. पन्नास-शंभर रुबलच्या सल्ल्यापेक्षा त्या एका कागदाचे मोल किती अधिक होते, याचा हिशेब आन्नाने मनाशी नक्कीच केला असावा. तिच्या पुढच्या सर्व व्यवहारांत कागदाविषयीची ही जागरूकता दिसते.

फेब्रुवारी १८६७ मध्ये दोघांचे लग्न झाले. वयात पंचवीस वर्षांचे अंतर होते. देणेकऱ्यांचा तगादा, भावाच्या कुटुंबाच्या मागण्या आणि दोस्तोव्हस्कीचा फेफऱ्याचा आजार यांतून सुटण्यासाठी आन्नाने स्वतःचे फर्निचर, पियानो, चांदीच्या वस्तू गहाण टाकल्या आणि एप्रिलमध्ये दोघे परदेशी निघाले. तीन महिन्यांसाठी म्हणून गेलेले हे जोडपे चार वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिले. ड्रेस्डेन, बाडेन-बाडेन, जिनिव्हा, फ्लॉरेन्स, पुन्हा ड्रेस्डेन. बाडेनला आन्नाची कर्णभूषणे, ब्रोच, लग्नाची अंगठीही जुगारापायी गहाण पडली. जिनिव्हात पहिली मुलगी सोन्या जन्मली आणि तीन महिन्यांचीच असताना गेली. ‘इडियट’ याच भटकंतीत लिहिली गेली.

मायदेशी परतणे म्हणजे तुरुंगाची जोखीम पत्करणे होते. याविषयी दोस्तोव्हस्कीने मित्र मायकोव्हला लिहिलेल्या पत्रात एक विलक्षण विचार आढळतो. कर्जदारांच्या तुरुंगात बसणे एका अर्थी फायद्याचेच ठरेल, सैबेरियातील अनुभवांवरच्या पुस्तकासारखे दुसरे पुस्तक त्यातून निघेल आणि त्याचे चार-पाच हजार रुबल सहज येतील, असे त्याने मांडले होते. पण आता लग्न झाले आहे आणि प्रकृतीला ते झेपणार नाही, म्हणून तो मार्ग बंद. विनोदात भीती लपवण्याचा हा प्रकार असावा.

जुलै १८७१ मध्ये ते पीटर्सबर्गला परतले. आठवडाभरात मुलगा झाला. गहाण टाकलेल्या आणि मागे ठेवलेल्या बहुतेक वस्तू हातच्या गेल्या होत्या, पुस्तकांचा संग्रहही विकला गेला होता. सप्टेंबरमध्ये वृत्तपत्रांत लेखकाच्या आगमनाची बातमी छापून आली आणि देणेकऱ्यांनी घर गाठले. देण्याचा आकडा साधारण पंचवीस हजारांवरच होता. आलेल्यांत मूळ देणेकरी थोडे. सरकारी कारकुनांच्या विधवा, खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका, निवृत्त लष्करी अधिकारी, हलक्या दर्जाचे मुखत्यार असे लोक जुन्या चिठ्ठ्या घेऊन येत होते. कोणी त्या नाममात्र किमतीत विकत घेतल्या होत्या, तर कोणाला त्या भाडेकरूने भाड्यापोटी दिल्या होत्या. मागणी मात्र पुऱ्या रकमेची, आणि भाषा जप्तीची.

या वेळी मात्र घरात आणखी एक माणूस होते, आणि त्या माणसाला हिशेब येत होता.

सर्वांत आक्रमक निघाला तो एक व्यापारी. मिखाईलचा तंबाखूचा कारखाना होता. या व्यापाऱ्याचे येणे त्या कारखान्याच्या मालाचे होते. दोस्तोव्हस्की स्वतः त्याला भेटायला गेला, मुदत आणि हप्ते मागितले. व्यापाऱ्याने ते धुडकावले. आपण एक साधा जर्मन व्यापारी असूनही नामवंत रशियन लेखकाला तुरुंगात बसवू शकतो हे दाखवून द्यायचे आहे, असे त्याने तोंडावर ऐकवले. फ्रान्सवर जर्मनीने नुकताच विजय मिळवला होता आणि त्याचा तोरा या बोलण्यात होता, असे आन्नाचे निरीक्षण आहे. दोस्तोव्हस्की खचून घरी आला. अशा ताणाने त्याला फेफऱ्याचा झटका येण्याची भीती असे.

नवऱ्याला न सांगता आन्ना त्या व्यापाऱ्याकडे गेली. त्याने तिलाही तोच धाक घातला. पैसे भरले नाहीत तर घरातले सामान जप्त होऊन लिलावात जाईल आणि नवरा कर्जदारांच्या तुरुंगात जाईल. आन्ना पंचवीस वर्षांची होती. तिने विनवणी केली नाही. राहते घर आपल्या नावाने भाड्याने घेतलेले आहे, असे तिने त्याला सांगितले. आतले फर्निचर हप्त्यांवर आणलेले आहे. शेवटचा हप्ता जाईपर्यंत ते दुकानदाराचेच, तेव्हा त्याला हात लावता येणार नाही. राहिला तुरुंग. तिथे नवऱ्याने कायद्याने ठरलेली पूर्ण मुदत काढावी यासाठी आपणच त्याचे मन वळवू. तुरुंगाजवळ खोली घेऊ, रोज मुलांना घेऊन भेटायला जाऊ, तिथेच त्याच्या लेखनाला मदत करू. मुदत संपली की कर्जापोटी पुन्हा तुरुंग नाही आणि एक कोपेकही हाती नाही. शिवाय कैदेत असेपर्यंत कर्जदाराच्या जेवणाचा खर्च कायद्याप्रमाणे देणेकऱ्यानेच भरायचा आहे, याची आठवणही तिने करून दिली.

यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. रशियन कायद्यात पत्नीची मालमत्ता नवऱ्याच्या मालमत्तेपासून स्वतंत्र मानली जाई. या एका बाबतीत तो त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याच्या पुढे होता. कैदी कर्जदाराच्या पोटाचा खर्च फिर्यादीकडून घेण्याची तरतूदही खरीच होती. तुरुंगात जायला नवरा खरोखरच तयार होईल का, हे मात्र तिलाही ठाऊक नसणार. तेवढा तिचा डाव होता. पण समोरच्या माणसाचा सारा जोर कर्जदाराच्या घाबरण्यावर होता आणि इथे घाबरणारे कोणी नव्हते. तुरुंगाची धमकी प्रत्यक्षात आणली तर नुकसान आपलेच, हे व्यापाऱ्याला कळून चुकले. तो हप्त्यांना राजी झाला.

यानंतर आन्नाने देणेकऱ्यांशी बोलण्याचे काम पूर्णपणे आपल्याकडे घेतले. दोस्तोव्हस्कीला या भेटीगाठींपासून तिने कटाक्षाने दूर ठेवले. तो दयेने बोलून जाई, नको ते मान्य करी आणि मग दिवसदिवस लिहू शकत नसे. जप्तीची आणि तुरुंगाची धमकी देणाऱ्या प्रत्येकाला ती तेच शांतपणे ऐकवी आणि मग झेपेल तेवढा हप्ता पुढे करी. देणे नाकारण्याचा मार्ग तिने कधी धरला नाही. आठवणींत त्या दिवसांविषयीची तिची कटुता लपत नाही. परक्या माणसाची, कदाचित न घेतलेली कर्जे फेडण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, आणि घाई नसती तर नवऱ्याच्या कादंबऱ्या आणखी घोटून, पुन्हा वाचून छापता आल्या असत्या, याचे तिला अखेरपर्यंत दुःख होते. तॉलस्तॉय किंवा तुर्गेन्येव्ह यांना मिळालेली सवड त्याला कधी मिळाली नाही. प्रकरण छापायला गेलेले आणि पुढचे प्रकरण अजून डोक्यातच, अशा रीतीने त्याने बहुतेक कादंबऱ्या लिहिल्या.

हप्त्यांना पैसा हवा होता. प्रकाशकांचे अनुभव पाहून आन्नाने ‘भुते’ ही कादंबरी स्वतःच छापण्याचे ठरवले. कागद कुठे मिळतो, छापखान्याला उधारी किती दिवसांची, पुस्तकविक्रेते किती टक्के सूट मागतात, याची माहिती तिने दुकानांतून फिरून, सहज विचारल्यासारखे करून मिळवली. जानेवारी १८७३ मध्ये साडेतीन हजार प्रती निघाल्या. किंमत साडेतीन रुबल. पहिल्याच दिवशी राहत्या घरातून एकशे पंधरा प्रती गेल्या. सारा खर्च वजा जाता या आवृत्तीत चार हजार रुबल नफा झाला आणि तो बराचसा कर्जात गेला. पुढे इतर पुस्तकांच्या आवृत्त्याही या घरातूनच निघाल्या. १८७६ आणि १८७७ मध्ये दोस्तोव्हस्कीने एकट्याने चालवलेल्या ‘लेखकाची रोजनिशी’ या मासिकाची छपाई, वर्गणी, टपाल हेही सारे आन्नाच्याच हाती होते. स्टाराया रूस्सा या गावातले उन्हाळ्याचे घर तेवढे आन्नाच्या भावाच्या नावाने घेतले गेले.

स्टेलोव्हस्कीचा शेवटचा हिशेब उलट्या बाजूने राहिला. १८७० मध्ये त्याने ‘गुन्हा आणि शिक्षा’ची स्वतंत्र आवृत्ती काढली आणि करारानुसार लेखकाला द्यायचे पैसे रखडवले. परदेशात अडकलेल्या दोस्तोव्हस्कीला ते मिळवण्यासाठी मित्रांना पत्रांमागून पत्रे लिहून विनवावे लागत होते. दुसऱ्याच्या चिठ्ठ्या वसूल करण्यात वाकबगार असलेला हा प्रकाशक स्वतःचे देणे मात्र आरामात लांबवत होता.

मार्च १८७९ मध्ये रशियात देण्यापोटी तुरुंगात टाकण्याची पद्धत कायद्याने रद्द झाली. दोस्तोव्हस्की तेव्हा ‘करामाझोव्ह बंधू’ लिहीत होता. त्या कादंबरीतही थोरला मुलगा दिमित्री तीन हजार रुबलच्या देण्यापायी वणवण भटकतो. स्टेलोव्हस्कीच्या कराराची रक्कमही तेवढीच होती. तो योगायोग असू शकतो. १८८० मध्ये, लग्नाला तेरा वर्षे झाल्यावर, मिखाईलच्या काळापासून चालत आलेले अखेरचे कर्ज फिटले. त्याच वर्षी आन्नाने बाहेरगावच्या ग्राहकांसाठी नवऱ्याच्या नावाने पुस्तकविक्रीची पेढी सुरू केली.

कर्जमुक्त होऊन दोस्तोव्हस्की जेमतेम वर्षभर जगला. २८ जानेवारी १८८१ रोजी, त्या काळच्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे, पीटर्सबर्गच्या घरी त्याचे निधन झाले. सरकारने आन्नाला वर्षाला दोन हजार रुबल निवृत्तिवेतन मंजूर केले. नवऱ्याच्या ग्रंथांच्या आवृत्त्या ती पुढेही काढत राहिली. १९१८ मध्ये याल्टात ती वारली. देणेकऱ्यांच्या भेटींचा तपशील असलेल्या तिच्या आठवणी १९२५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.